पाणीपट्टीच्या खोलीतला दवाखाना

४ जून

चि. भिंगरी,

आशीर्वाद घे आणि खुर्चीत नीट टेकून वाच, कारण तुझी मावशी सभापती झाली आहे. हे फोनवर सांगणार होते. पण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो, कुणाचं कुणाला कळत नाही, आणि शेवटी तुझे काका येऊन फोन ठेवून देतात. म्हणून पत्र.

तर झालं असं. नगरपालिकेच्या समित्या वाटायची सभा आणि शाळेचे गणवेश द्यायचा वायदा एकाच दिवशी आला. नगरसेविका मी कालची, शिवणकाम वीस वर्षांचं. गिऱ्हाईक आधी! धापा टाकत सभेत पोचले तोवर बांधकाम गेलं होतं, पाणी गेलं होतं, दिवाबत्तीसुद्धा गेली होती. उरलं होतं आरोग्य. नगराध्यक्ष म्हणाले, "बाईंचा हात सफाईदार आहे, त्यांना द्या," आणि ते माझ्या गळ्यात बांधलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण सुटलो म्हणून वाजवल्या असणार.

पण काम चांगलं आहे गं. पूर्वी जिथे आपण पाणीपट्टी भरायचो ना, ती खोली आमच्या वॉर्डाच्या दवाखान्याला मिळाली आहे. एक सिस्टर आल्यात. नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या, म्हणजे माझ्याशी जमेल अशा. वजनकाटा आहे, बीपीचं मशीन आहे, औषधांचं कपाट आहे, मंगळवारी डॉक्टर येतात. सगळं आहे, फक्त माणूस नाही! काल एक गृहस्थ आत आले तर मी आनंदाने उठून उभी राहिले. ते पाण्याचं बिल घेऊन आले होते.

आणि इथेच मेख आहे. ही खोली आम्हाला सप्टेंबरच्या सभेपर्यंतच दिली आहे. लोक येत नाहीत असं दिसलं की ती बांधकाम समितीकडे जाणार. त्या समितीच्या सभापतींना मी सिमेंटराव म्हणते, कारण त्यांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. त्यांनी तर आपलं टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलंय. खोली गेली की सिस्टर जातील, आणि मग आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जायचं. मी मतं मागताना घरोघर शब्द दिलाय, भिंगरे. तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तू एवढी डॉक्टरीण. सांग, काय करू?

तुझी मावशी

•

१२ जून

सभापतीबाई,

वाकून नमस्कार! पत्र वाचून एवढ्या मोठ्याने हसले की इस्पितळाच्या वॉर्डातल्या एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टर, बरं वाटतंय ना?"

आता कामाचं. मावशी, दवाखाना उघडला की लोक येतील हे विसर. दुखल्याशिवाय कोण येतंय? आणि बीपी तर दुखतच नाही. माझ्याकडे रोज अशी माणसं येतात ज्यांना काल संध्याकाळपर्यंत काही झालेलं नव्हतं. आज त्यांचा एक हात उचलत नाही. त्यांच्या घराजवळच्या एखाद्या खोलीत कुणी वेळेवर बीपीचा पट्टा बांधला असता तर मला त्यांचं तोंडही दिसलं नसतं, आणि ते किती बरं झालं असतं. म्हणून सांगते, तुझी ती खोली माझ्या या पाच मजली इस्पितळाइतकीच महत्त्वाची आहे. ती जाऊ देऊ नकोस.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी तपासायचं, एवढं एकच काम धर. लोक येत नाहीत ना? मग लोक जिथे आपणहून येतात तिथे सिस्टरना घेऊन बस. बाजार, शाळेचं फाटक, कुठेही.

आणि पहिलं स्वतःचं तपास. आई गेल्यापासून मला रागवायला तू एकटीच उरली आहेस. मला ती सोय मोडायची नाही. आकडा कळव.

तुझी भिंगरी

•

९ जुलै

चि. भिंगरी,

शाबास म्हण मला! अगं, बाजार आणि फाटक कशाला? लोक आपणहून कुठे येतात? माझ्या दुकानात! कपडे सगळ्यांना लागतात. आणि माप द्यायला माणूस हात वर करून आज्ञाधारक उभा राहतो, दवाखान्यात राहील का?

तर आता दुकानात पडद्यामागे सिस्टर बसतात. गिऱ्हाईक आलं की आधी मी टेप घेऊन माप घेते आणि लगेच पडद्यामागे ढकलते. पट्टा बांधला, फुगवला, आकडा लिहिला, पुढचा! आठवड्यात सारी पेठ मोजून काढली. गर्दी एवढी की तुझ्या काकांनी घड्याळदुरुस्तीचं टेबल उचलून मोरीजवळ नेलं.

पण भिंगरे, आकडे बघून माझे डोळे पांढरे झाले. निम्म्याहून जास्त लोकांचं बीपी वाढलेलं! पोस्टमास्तरीणबाई, शाळेच्या मोठ्या बाई, आमचा दूधवाला, सगळे. सिस्टर म्हणत होत्या, थांबू या, पुन्हा बघू या. मी म्हटलं थांबायचं काय त्यात? काल भर सभेत उभी राहून सांगून टाकलं की निम्मा वॉर्ड आजारी आहे. सिमेंटराव वहीत काहीतरी लिहीत होते. बसले असतील आपलं टेबल आता दुसरीकडे कुठे ठेवायचं याचा हिशोब करत.

माझं बीपी? अगं, मी कशी आहे ते तुला माहीत आहे. ठणठणीत. काका आशीर्वाद सांगतात.

तुझी विजयी मावशी

•

१५ जुलै

ए मावशी,

निम्मा वॉर्ड? एवढं बीपी कुठल्याच गावात नसतं. सभेच्या आधी मला एक ओळ तरी टाकायचीस!

मला एक सांग. माप घेताना तू बोलतेस ना? नाही म्हणू नकोस, माझं माप तू दहावीपर्यंत घेतलं आहेस. "अगं बाई, कंबर कुठे गेली?" "मागच्या वर्षीपेक्षा चार बोटं वाढलीस हो!" हे सगळं भर दुकानात, दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. आणि त्यानंतर लगेच पडद्यामागे पट्टा? मावशी, तुझ्या हातून माप देऊन आलेल्या कुठल्याही बाईचं बीपी वाढणारच. माझं तर आत्ता आठवणीनेच वाढलंय.

आता नीट ऐक. मोजायच्या आधी माणसाने पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बाही वर. अर्धा तास आधी चहा नाही. बोलायचं नाही आणि कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. कुणी म्हणजे तू. दोनदा मोजायचं. जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तेव्हाही जास्त आलं तरच डॉक्टरांकडे. सिस्टरना हे सगळं माहीत असणार. बिचाऱ्यांना तू तोंड उघडू दिलं नसशील.

सगळ्यांचं पुन्हा मोज. सभेत चूक झाली म्हणून सांग. नाक कापलं जाईल, पण थोडंच.

आणि "ठणठणीत" हा आकडा नाही.

भिंगरी

•

२० ऑगस्ट

चि. भिंगरी,

थोडंच म्हणालीस? मुळापासून कापलं!

मी सभेत चूक कबूल करायला उभी राहिले, पण सिमेंटराव माझ्या आधी उभे. म्हणाले, "अध्यक्षमहाराज, दवाखाना नव्हता तेव्हा वॉर्ड धडधाकट होता. दवाखाना आला आणि निम्मा वॉर्ड आजारी पडला. खोली मला द्या, लोक आपोआप बरे होतील." सभा हसून लोटपोट. शिपाईसुद्धा हसला, ज्याची मी पँट फुकट आखूड करून दिली होती! मग मी खरं ते सांगितलं, तर म्हणतात कसे, "आधी आकडे सैल शिवले, आता टाके घालून घट्ट करतायत." घरी येऊन मी जेवले नाही. तुझे काका म्हणाले, विनोद मात्र चांगला होता. त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

पण पुढचं ऐक. दुकानात पाच मिनिटं शांतता? शक्यच नाही. मशीनची खडखड, गिऱ्हाइकांची बडबड, वर मी. मग सिस्टर पहिल्यांदाच ठामपणे म्हणाल्या, "मॅडम, आपली खोली आहे की." खरंच की! तिथे भिंतीला टेकून चार खुर्च्या मांडल्या. येणाऱ्याने पाच मिनिटं गप्प बसायचं, मग पट्टा.

आणि भिंगरे, गंमत झाली. ज्या बायका दवाखान्याचं नाव काढलं की पळायच्या, त्या यायला लागल्या. एक बाई तर बीपी उत्तम असून तिसऱ्यांदा आली. मी विचारलं, "का गं?" तर म्हणते, "ताई, घरात सासूसासरे, तीन पोरं आणि टीव्ही. मला पाच मिनिटं कुणी हाक मारत नाही अशी ही एकच जागा आहे. बसू द्या की!" बस म्हटलं. तिने दुसऱ्या दिवशी सासूला आणलं. सासूचं खरंच वाढलेलं निघालं, औषध सुरू झालं. असं एकीचं बघून दुसरी. मग बायकांनी नवऱ्यांना धाडलं. बेकरीवाले दादा, ज्यांना आयुष्यात कधी शिंक आली नाही, त्यांचं दोन्ही दिवस जास्त आलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. ते दादा बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी म्हटलं, "पावात मीठ कमी घाला आता."

तेव्हा आकडे आता खरे आहेत, थोडे आहेत आणि काळजीचे आहेत. पण सभेत माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? मंगळवार, ९ सप्टेंबरला ठराव आहे. भाषण लिहायला घेतलं की कागद फाडते. तू लिहून पाठव काहीतरी जोरकस.

मी बरी आहे. थोडी दगदग होते, एवढंच.

मावशी

•

२६ ऑगस्ट

चि. भिंगरी,

हे पत्र तुझ्या मावशीला न सांगता लिहितोय. तिला कळलं तर मला मोरीजवळूनही हलवेल.

ती दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोकं धरते. विचारलं तर चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणते. चष्मा गेल्याच महिन्यात बदलला आहे. सबंध वॉर्डाला पट्टा बांधला, स्वतः बांधून घेत नाही. सिस्टर म्हणाल्या की मॅडम खुर्चीत बसतात, पट्टा हातात घेतला की त्यांना काहीतरी आठवतं आणि उठून जातात. माझं तपासून झालं, बरोबर आहे.

मी घड्याळं उघडून बघू शकतो. हिला कसं उघडायचं ते तू सांग.

काका

•

१ सप्टेंबर

ए मावशी,

भाषण लिहून देणार नाही. भाषणात सिमेंटराव तुला हरवणार, कारण त्यांना विनोद करता येतो आणि तुला राग येतो. तू बोलूच नकोस.

सिस्टरना सभेत ने. मशीन ने. अध्यक्षांना म्हण, आकड्यांवर विश्वास नाही ना, मग आम्ही मोजतो कसं ते बघा, आणि इथेच सगळ्यांचं मोजू. पाच मिनिटं शांतता, बाही वर, पट्टा. नगरपालिकेच्या इतिहासात पाच मिनिटं शांत सभा पहिल्यांदाच होईल. त्यातच निम्मी मतं मिळतील बघ.

सिमेंटरावांना पहिला मान दे.

भिंगरी

ता. क. सोबतची बंद चिठ्ठी काकांची आहे. घड्याळाच्या एका सुट्या भागाबद्दल आहे, तुला कळणार नाही.

(चिठ्ठी)

काका, समजावून ती ऐकणार नाही. पण भर सभेत, सगळ्यांचं मोजून झाल्यावर, ती नाही म्हणू शकणार नाही. तुम्ही सिमेंटरावांबरोबर सकाळी फिरायला जाता ना? त्यांना एवढंच सांगा की शेवटचं नाव सभापतीबाईंचं पुकारा. का, तेही खरं सांगा. माणूस खोचक आहे, वाईट वाटत नाही. सिस्टरना मी फोन केला आहे. मंगळवारच्या आधी डोकं फार दुखलं, बोलणं अडखळलं, हात जड वाटला, तर कसलीही वाट बघू नका, उचलून इस्पितळात न्या. मला फार भीती वाटतेय, काका. आईच्या वेळी आपण सगळे "दगदग होते" हेच म्हणत होतो.

•

१६ सप्टेंबर

लबाड मुली,

सुटा भाग काय! काकांनी सगळं कबूल केलं. तुम्हा दोघांना बघतेच मी. पण आधी सभेचं ऐक, कारण ते सांगितल्याशिवाय मला राग नीट येणार नाही.

तू सांगितलंस तसं केलं. मी उठले, एवढंच म्हटलं की आधी आम्ही चुकीचं मोजलं होतं, आता बरोबर कसं मोजतो ते बघा, आणि खाली बसले. लोकांना वाटलं माझा घसा बसलाय. नगराध्यक्ष म्हणाले, "हरकत नाही." सिस्टर मधे आल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही." काय आवाज गं त्यांचा! सगळी सभा शाळेतल्या पोरांसारखी हात मांडीवर ठेवून बसली.

सिमेंटराव पहिले. मी मनात म्हटलं, येऊ दे यांचं आभाळाला भिडलेलं, मग बघते. तर कसलं काय! कोवळ्या पोरासारखं उत्तम बीपी! ते बाही खाली करत सगळ्यांकडे बघून हसले. माझं उरलंसुरलं अवसान गेलं. बाकीच्यांचं झालं. दोघांना सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं, नगराध्यक्षांचं जेमतेम काठावर आलं. मग सिमेंटराव म्हणाले, "आता आरोग्य सभापती."

मी म्हटलं, "माझं कशाला? मी ठणठणीत आहे."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान?" ते म्हणाले. सगळ्यांनी बाकं वाजवली. बसावंच लागलं.

त्या पाच मिनिटांत काय वाटलं ते तुला खरंखरं सांगते. तुझ्या आईला तो पट्टा बांधला तेव्हा मी शेजारी उभी होते. डॉक्टर आकडा बघून काही बोलले नाहीत, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून मी ठरवलं होतं, मोजलं नाही म्हणजे नाहीच. दुसऱ्यांना शहाणपण सांगत होते, पण मला भीती वाटत होती, भिंगरे. सरळ भीती. त्यापुढे सभापतीपद, वय, काही चाललं नाही.

सिस्टरांनी मोजलं. मग दुसऱ्या हाताला मोजलं. थांबून पुन्हा मोजलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाल्या, "मॅडम, आता उठायचं नाही." वरचा आकडा दोनशेला टेकला होता. खुर्चीमागे कधी येऊन उभे राहिले कोण जाणे, तुझे काका होते तिथे. मी मनात म्हटलं, संपलं. जिला स्वतःचं कळत नाही तिला खोली कोण देणार?

सिमेंटराव उभे राहिले. मी डोळेच मिटले. ते म्हणाले, "अध्यक्षमहाराज, ही बाई रोज माझ्याशी भांडते. तिच्या आवाजावरून मला वाटायचं, ही आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल. आज हे मशीन नसतं तर आपण पुढच्या सभेत उभं राहून हिच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली असती. आजची पाच परवडली. खोली दवाखान्याकडेच राहू द्या. या बाईला काही झालं तर मी भांडू कुणाशी? सूचक म्हणून माझं नाव लिहा."

मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि सिस्टर ओरडल्या, "बोलायचं नाही!" अनुमोदन द्यायला एवढे हात वर झाले की नावं लिहिणाऱ्याला कागद पुरेना. ठराव एकमताने मंजूर! मंगळवार असल्याने डॉक्टर खोलीतच होते. सिमेंटरावांनी स्वतःच्या गाडीतून मला तिथे सोडलं. वाटेत त्या खोलीला वरचा मजला कसा चढवता येईल ते सांगत होते. माणसाची खोड जात नाही.

गोळ्या सुरू झाल्या. मीठ बंद, आठ दिवस मशीनवर बसणं बंद, आणि दर आठवड्याला तपासणी. डोकं दुखायचं थांबलंय. चष्म्याला उगाच नावं ठेवली. तुझ्यावर रागावले आहे हे खरं, पण काल झोपताना तुझ्या आईला मनात सांगितलं की ताई, तुझी पोर माझ्यावर नजर ठेवून आहे, तू काळजी करू नकोस. मग रडले थोडी. बरं वाटलं.

आज सकाळी पुन्हा मोजायला गेले. खोलीबाहेर रांग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेलेली. मी आपली सवयीने सरळ दारापाशी गेले, तर एका म्हातारीने माझा पदर धरला आणि म्हणाली, "बाई, सभापती असाल तर सभेत. इथं मागे उभ्या राहा."

भिंगरे, माझ्या दवाखान्यात मलाच नंबर लागेना! शेवटी जाऊन उभी राहिले. एवढा आनंद मला निवडून आले तेव्हाही झाला नव्हता.

तुझी मावशी